साइड इव्हेंटचं टेबल : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आयोजक मित्र उरलेल्या चकल्या संपवायला आला आणि जाताना काम गळ्यात मारून गेला. १४ डिसेंबरला कर्वेनगरच्या हॉलमध्ये आमची फायटिंग गेम्सची स्पर्धा. मुख्य खेळ दोन, स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८. मला म्हणाला, "कोपऱ्यातलं टेबल तुझं. साइड इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धेबाहेरचे खेळ, काय घ्यायचे ते तूच ठरव. चार हजारांच्या वर जाऊ नकोस."

तो गेल्यावर मागच्या वर्षीचं ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, उघडून बसलो. ३२ जण, डबल एलिमिनेशन, म्हणजे दोनदा हरलं की घरी. पहिल्या फेरीत १६ हरतात. ते १६ आपसात खेळतात, त्यातले ८ परत हरतात. म्हणजे पाव मंडळी एकही सेट न जिंकता बाहेर, आणि बेस्ट ऑफ थ्रीचे, म्हणजे तीनपैकी दोन सामने जिंकायचे, असे दोन सेट धरले तर खेळायला मिळाली जेमतेम वीस मिनिटं. गेल्या वर्षी असे आठातले सहा जण पावणेबाराला वडापाव खाऊन निघून गेले होते. त्यातला एक नाशिकहून पहाटेच्या एसटीने आलेला. संध्याकाळी फायनलला टाळ्या वाजवायला माणसं दिसेनात, तेव्हा आम्हीच एकमेकांना विचारत होतो की गर्दी गेली कुठे.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : ते आठ जण संध्याकाळी सहाला हॉलमध्ये दिसले पाहिजेत. बाकी सगळं त्यानंतर.

५ नोव्हेंबर

मित्राशी फोनवर वाद. त्याच्या लेखी साइड इव्हेंट म्हणजे कोपऱ्यातला टाइमपास. मी त्याला इव्होचं, म्हणजे अमेरिकेतल्या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेचं, उदाहरण दिलं. २०१३ साली लास वेगासच्या इव्होमध्ये आठव्या खेळाची जागा कोणाला द्यायची हे देणगीवर ठरलं होतं. स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे जमा करायचे, ज्या खेळाचे चाहते जास्त देतील तो खेळ आत. स्मॅश ब्रदर्स मेलीवाल्यांनी ९४,६८३ डॉलर उभे केले. तेव्हा तो खेळ ११ वर्षांचा होता, गेमक्यूब या जुन्या कन्सोलवरचा. त्यानंतर तो २०१८पर्यंत दरवर्षी इव्होच्या मुख्य यादीत राहिला. मेल्टी ब्लड या खेळाचं तर अजून मजेशीर. वर्षानुवर्षं कुठल्या तरी कोपऱ्यात, जिथे प्लग मिळेल तिथे खेळणारी ही मंडळी. हे लोक शौचालयात सेटअप लावतात हा त्यांच्यावरचा विनोद अजून चालतो. २०२२ला त्याची टाइप लुमिना ही आवृत्ती इव्होच्या मुख्य यादीत होती.

मित्र म्हणाला, "भाषण पुरे. काय घेणार ते सांग."

घेणार तीन गोष्टी. एक, किंग ऑफ फायटर्स ९७, कारण आमच्या वयाच्या निम्म्या लोकांचं बोट पहिल्यांदा त्याच खेळाच्या बटणावर पडलं. दोन, मिस्टरी गेम. तीन, डाइव्हकिक.

८ नोव्हेंबर, शनिवार

डाइव्हकिकबद्दल थोडं, कारण आजची सगळी पायपीट त्याच्यापायी झाली. शिकागोकडे यूएफजीटी नावाची स्पर्धा व्हायची, तीच पुढे २०१५पासून कॉम्बो ब्रेकर झाली. ती भरवणाऱ्या ॲडम हार्टने (टोपणनाव कीट्स) हा खेळ काढला. २०१३ला बाजारात आला. फायटिंग गेम खेळणाऱ्यांचीच टर उडवणारा खेळ. बटणं दोन. एकाने उभी उडी, दुसऱ्याने हवेतून तिरपी लाथ. जमिनीवर असताना लाथेचं बटण दाबलं तर माणूस मागे उडी मारतो. चालायचं बटणच नाही. एक लाथ बसली की राउंड संपला. राउंड २० सेकंदांचा, पाच जिंकले की सामना खिशात. वेळ संपली तर मधल्या रेषेच्या जवळ असेल तो जिंकतो. डोक्यावर लाथ बसली तर पुढच्या राउंडला तो माणूस थोडा वेळ गरगरलेला असतो.

वाचायला पोरखेळ वाटतो. पण अंतर मोजणं, समोरच्याला आधी उडायला लावणं, त्याची चूक होईपर्यंत हात आवरणं, हे सगळं यात आहेच. फक्त तीन महिने कॉम्बो, म्हणजे सलग बसणाऱ्या फटक्यांच्या मालिका, पाठ करायची अट नाही. नुकत्याच हरलेल्या माणसाला हेच हवं.

यासाठी दोन मोठ्या बटणांचा डबा करायचा, प्रत्येक खेळाडूला एक. तपकीर गल्लीत सकाळी अकरापासून फिरलो. १०० मि.मी.ची घुमटाकार बटणं, पिवळी दोन, निळी दोन. बटण दाबलेलं संगणकाला कळवणारे यूएसबी एन्कोडर बोर्ड दोन. पहिल्या दुकानात "गेमचं बटण" म्हटल्यावर त्यांनी दारावरच्या बेलचं बटण काढून दाखवलं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी काही न विचारता मायक्रोस्विच, म्हणजे बटणाखालचा छोटा स्विच, काढून टक् टक् करून ऐकवला आणि म्हणाले, "पोरं बुक्के मारणार ना? मग हा घ्या, तो नको." चार रुपये जास्त गेले. ऐकलं त्यांचं.

९ नोव्हेंबर

जुन्या बाजारात २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही ८०० रुपयांना. ९७साठी मोह झाला. पण खेळ चालणार लॅपटॉपवर, २०१८ला निघालेल्या ग्लोबल मॅच आवृत्तीतून. एचडीएमआयचं सिग्नल बदलून ट्यूबला द्यायला मध्ये एक डबी लागणार. बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा जेवढा उशीर ट्यूबमुळे वाचेल तेवढा ती डबी खाणार. वर कोपऱ्यात जांभळा डाग आणि वजन दोघांनी उचलायचं. सोडून दिला. परत येताना दोनदा वळून पाहिलं, ते वेगळं.

१५ नोव्हेंबर

सुतारकाकांकडून १२ मि.मी. प्लायचे दोन डबे. ३५ बाय २० सें.मी., उंची १०. बटणाचा घुमट १०० मि.मी.चा असला तरी भोक लागतं फक्त २४चं, खाली पेचाचा दांडा असतो म्हणून. काकांना मी आधी घुमटाचं माप सांगितलं होतं. नशीब, त्यांनी पेन्सिलची खूण केल्यावर बटण हातात घेऊन पाहिलं. "अहो, एवढं भोक पाडलं तर हे आत पडंल की."

दोन बटणांच्या मध्यांमध्ये १४० मि.मी. अंतर. दोन हातांनी खेळावं असं ठरवून.

१६ नोव्हेंबर

वायरिंग. बोर्डावरच्या बारीक पांढऱ्या सॉकेटमध्ये वायर घुसते, सोल्डरची गरज नाही. डबा एक तासात चालू. मग बटणातल्या दिव्याचं लक्षात आलं. तो १२ व्होल्टचा, यूएसबीतून येतात ५. अंधारात कान लावून पाहावं तसं डोळे लावून पाहिलं तर जरासा तांबूस. वेगळा अडॅप्टर जोडायचा विचार आला, पण त्या टेबलावर आधीच वायरींचं जंजाळ होणार आहे. दिवे रद्द.

डबा टेबलावर सरकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खाली फेविबॉन्डने चिकटवल्या.

२२ नोव्हेंबर

दादाकडचा ३२ इंची टीव्ही मागितला आहे. वहिनी म्हणाल्या, "१४ तारखेला न्या, पण आज इथंच काय ते तपासा." म्हणून सगळा बाडबिस्तरा त्यांच्या हॉलमध्ये.

लॅग, म्हणजे तो उशीर, मोजायची गरिबाची पद्धत : मोबाइल स्लो मोशनला लावायचा, सेकंदाला २४० चित्रं. चौकटीत बटणावरचं बोट आणि पडदा दोन्ही दिसले पाहिजेत. बटण खाली टेकल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. टीव्ही नेहमीच्या मोडला : ३८ चित्रं, म्हणजे १५८ मिलिसेकंद. मेन्यूत चार पायऱ्या आत लपलेला गेम मोड लावल्यावर : २०, म्हणजे ८३. प्रत्येकी दहादा मोजून सरासरी. फरक ७५ मिलिसेकंदांचा. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर चालतात, एक फ्रेम १६.७ची, म्हणजे टीव्ही एकटा साडेचार फ्रेम गिळत होता. समोरच्याची उडी दिसल्यावर वरच्या दिशेने मारायचा ठोसा एवढ्याने हुकतो आणि मग माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो.

मुख्य स्पर्धेच्या प्रत्येक पडद्यावर ही सेटिंग आयोजक तपासतात. साइडच्या टेबलावर कोणी तपासत नाही. गेल्या वर्षी आम्हीही तपासली नव्हती, हे आता कोणाला सांगायचं नाही.

हे चाललेलं असताना वहिनी हात पुसत आल्या. "दोनच बटणं? मग यात खेळायचं काय, भाऊजी?" बसवलं. पहिले तीन राउंड मी घेतले. चौथ्यापासून त्यांनी उडायचंच बंद केलं. मी उडेपर्यंत थांबायचं, आणि मी खाली येताना लाथ. ५-३ने हरलो. दादा पेपरच्या आडून हसत होता.

२९ नोव्हेंबर

पाच मित्रांना बोलावून रंगीत तालीम. दोन गोष्टी फसल्या.

पहिली : दोन्ही एन्कोडर बोर्ड संगणकाला सारख्याच नावाने दिसतात. कोणीतरी एक केबल काढून परत लावली आणि पहिला खेळाडू दुसरा झाला. दोघं आपापलं बटण दाबतायत आणि समोरचा उडतोय. दोन मिनिटं सगळे हसले, तिसऱ्या मिनिटाला भांडण. उपाय : दोन्ही केबल जिथे लागतात त्या यूएसबी हबच्या पोर्टवर आणि केबलच्या टोकाला नेलपॉलिशचे ठिपके, लाल आणि सोनेरी, आणि हबच खिळ्याने टेबलाच्या खालून ठोकायचा. केबल कोणाच्या हाताला लागताच कामा नये.

दुसरी जास्त गंभीर. ९७चं ब्रॅकेट १६ जणांचं ठरवलं होतं. डबल एलिमिनेशनला १६ जणांचे किमान ३० सेट. ९७मध्ये प्रत्येकाचे तीन लढवय्ये, एका सामन्यात पाचपर्यंत राउंड, प्रत्येक राउंड ६० सेकंदांचा. दोन सामने जिंकायचे म्हटलं की सेटला नऊ मिनिटं सहज. एका टीव्हीवर ३० सेट म्हणजे साडेचार तास, तेही मध्ये कोणी चहाला गेलं नाही तर. आणि हीच माणसं मुख्य ब्रॅकेटमध्येही आहेत. तिकडे नाव पुकारलं की इकडे सेट अर्धवट. तालमीतच पाच जणांत दोनदा झालं.

आयोजक मित्र म्हणाला, सिंगल एलिमिनेशन कर. म्हणजे जो सकाळी दोनदा हरलाय त्याला इथे एकदाच हरवून परत घरी पाठवायचा. मग कशाला हा खटाटोप?

३० नोव्हेंबर

रात्री झोप लागेना, आणि उत्तर सुचलं ते साताऱ्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं.

एसटी स्टँडजवळच्या बोळात होतं. सहा मशिनं. दाराजवळ मुस्तफा. त्या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे मला नोकरी लागल्यावर कळलं. अगदी आत, पंख्याखाली, ९७. तिथं कुठलं ब्रॅकेट? काचेच्या खालच्या कडेवर टोकनं ओळीने ठेवलेली असायची. टोकन ठेवलं की नंबर लागला. जिंकला तो बसून राहणार, हरला तो उठणार, पुढचं टोकन आत. खेळातल्या लढवय्यांची नावंही कोणाला धड माहीत नव्हती. चँग म्हणजे "गोळेवाला", चोई म्हणजे "नखंवाला". कोणाचं टोकन कुठलं यावरून मी कधी भांडण पाहिलं नाही, आणि त्या पार्लरमध्ये भांडणं रोज व्हायची.

तर ९७ला ब्रॅकेट नाही. टोकनं. नियम तीन. एका सामन्याचा खेळ, जिंकला तो बसतो. सलग तीन जिंकले की मानाने उठायचं, भिंतीवरच्या कागदावर आपल्या नावापुढे एक रेघ मारायची. मुख्य स्टेजवरून हाक आली तर बिनधास्त जा, टोकन जागेवर राहील, तू नसशील तोवर मागचा पुढे.

हार्डवेअरच्या दुकानातून ३० मोठे वॉशर घेतले आणि पिवळा स्प्रे मारला. खर्च टोकनाचा नाही, स्प्रेचा झाला.

६ डिसेंबर

मिस्टरी गेम. यूएफजीटी आणि कॉम्बो ब्रेकरमुळे हा प्रकार नावारूपाला आला. नाव नोंदवायचं, पण खुर्चीत बसेपर्यंत काय खेळायचं ते कळत नाही. तिथं म्हणे कोणी कधी न पाहिलेले खेळ खोदून काढतात. यातली मेख अशी की समोर मोठा खेळाडू असला तरी दोघं सारखेच अडाणी.

आठ जण, सात पाकिटं. आत चिठ्ठी. घरी विकत घेतलेल्या खेळांतूनच निवडले : विंडजॅमर्स (१९९४, समुद्रकिनाऱ्यावर चकती फेकायची, ९७सारखाच निओ जिओ या जुन्या गेम मशिनवर जन्मलेला), निधॉग, लीथल लीग, पुयो पुयो. एका पाकिटात मुद्दाम कॅरम. पडद्यावरचाच खेळ असला पाहिजे असं कुठे लिहिलंय? छोटा बोर्ड भाचीचा, क्वीन घेऊन कव्हर करेल तो जिंकला. आयोजक मित्राला सांगितलेलं नाही.

१३ डिसेंबर

पॅकिंग. जादा मायक्रोस्विच दोन, ग्लू गन, पेचकस, एक्स्टेन्शन बोर्ड तीन, बोरिक पावडर.

१४ डिसेंबर, रविवार

जागच्या जागी खरडलेलं, तसंच ठेवतो.

९.४० – टेबल लागलं. गेम मोड दोनदा तपासला. वॉशर ताटलीत.

१०.५५ – एमसीबी पडला. चहाची किटली आमच्या बोर्डात लावली होती. कोणी, ते विचारत नाही.

११.३५ – पहिले दोघं ०-२ झाले, म्हणजे दोन्ही सेट हरून बाहेर. बॅग पाठीवर लावूनच डब्यापाशी आले. एकाने निळ्या बटणावर बुक्की मारून पाहिली. खेळायचंय का विचारलं तर "नाही, बघतोय फक्त". पाच मिनिटांनी बॅग खाली.

१२.१० – ९७च्या टेबलाच्या कडेवर अकरा वॉशर. कोणी ओळ समजावून सांगितली नाही, आपोआप लागली. पंचविशीच्या आतल्या पोरांनाही कळली, ज्यांनी पार्लर पाहिलेलंही नाही.

१२.३० – हॉलचे वॉचमन काका मागे उभे. "गोळेवाला आहे का यात?" वॉशर दिला. नंबर आल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले आणि काही न विचारता ९७मधल्या खेळायच्या दोन पद्धतींपैकी एक्स्ट्रा मोड घेतला. आम्ही सगळे ॲडव्हान्स्डवाले, धावणारे. हे लांब उभे राहून हाताने गेज, म्हणजे ताकदीची पट्टी, भरतायत, कोणी जवळ आलं की गोळा. दोन पोरांना उठवलं. तिसऱ्याने त्यांना कोपऱ्यात धरलं. उठताना म्हणाले, "स्टिक पाहिजे होती. यावर बोट अडकतंय." पॅडवर खेळले होते.

१.२० – आठचे आठ बाहेर. एक सरळ गेला, लग्नाला जायचं होतं म्हणे. एक जेवायला. बाकी सहा नजरेसमोर.

२.१५ – मिस्टरी गेम सुरू. विंडजॅमर्सला जोरदार आरडाओरडा, मुख्य स्टेजवरच्या कॉमेंट्रीवाल्याने माइकवरून विचारलं की तिकडे काय पेटलंय.

३.१० – डावा डबा मेला. बुक्क्यांनी आतला सॉकेट सुटला. ग्लू गन गरम व्हायला चार मिनिटं, बाकी काम एका मिनिटाचं. थांबलेल्या सात वर्षांच्या मुलीने मला पूर्ण वेळ टॉर्च धरून दिला आणि मग तिच्या आईला ५-१ हरवलं.

३.५० – कॅरमचं पाकीट सेमीफायनलला निघालं. टेकनचे दोन मुरलेले खेळाडू. फ्रेम डेटा, म्हणजे कुठल्या चालीला किती फ्रेम लागतात ते, तोंडपाठ. एकाने क्वीन घेतली, पुढच्या फटक्याला सोंगटी आणि स्ट्रायकर दोन्ही भोकात. आता कव्हर झालं की क्वीन परत? नियमावर पंधरा मिनिटं चर्चा, सहा जणांची सहा मतं, प्रत्येकाच्या चाळीचा नियम वेगळा. शेवटी क्वीन परत ठेवली. आयोजक मित्र हात कमरेवर ठेवून बघत होता. काही बोलला नाही, बोर्डाजवळचा स्टूल ओढून बसला.

५.३० – टेकनच्या शेवटच्या आठ जणांचे सामने सुरू. आमच्याकडे शुकशुकाट. हेच हवं होतं, टेबल बंद करून सगळे तिकडे.

६.०० – मोजले. आठातले पाच. जेवायला गेलेला आला नाही, आणि आणखी एकाचा बाबांचा फोन आला म्हणून निघाला. नाशिकवाला आहे. यंदाही ०-२. ९७च्या कागदावर त्याच्या नावापुढे तीन रेघा, सगळ्यांत जास्त.

१७ डिसेंबर

हिशोब : ३,६४० रुपये. त्यात सुतारकाकांचे ९००. सायकलवाल्याने ट्यूबचे पैसे घेतले नाहीत.

दुरुस्त्या. डब्याच्या आत वायरींना पट्टी मारून ताण काढायचा, नुसता ग्लू पुरणार नाही. पिवळं उजवं बटण अडकतंय, मायक्रोस्विच बदलला. ९७साठी पुढच्या वेळी निदान एक स्टिक. मिस्टरी गेम उशिरा सुरू झाला. हरलेल्यांची दुपारची झोप यायच्या आत, म्हणजे साडेबारालाच घ्यायचा. आणि कॅरमचे नियम पाकिटातच लिहून टाकायचे, एका चाळीचे.

वहिनींचा टीव्ही परत दिला. गेम मोड काढायला विसरलो. काल फोन आला, मालिकेतले चेहरे फिके दिसतायत म्हणून.

वॉशर ३० नेले होते, २८ आले. एक वॉचमन काकांच्या खिशात गेला असणार. दुसऱ्याचा पत्ता नाही.